शेताला दार नसतं

उर्वीला येळवशीला दुधनीला न्यायचं मी कबूल केलं, त्या दिवशी माझं पोट शांत होतं. पोट शांत असलेल्या माणसानं कुणाला काही कबूल करू नये. त्या अवस्थेत माणूस फार उदार होतो. त्याच आठवड्यात मी शेजारच्या वच्छलाकाकूंना हळदीकुंकवाला नक्की येते म्हणून सांगून टाकलं होतं, संक्रांतीनंतर शाळेत पुन्हा शिकवायला येते असं कळवलं होतं, आणि देवदत्तला, म्हणजे नवऱ्याला, एकदा सिनेमाला जाऊ या असंही म्हणाले होते. देवदत्त शहाणा आहे. त्यानं तिकिटं काढली नाहीत.

उर्वी पाच वर्षांची आहे. तिनं ते धरून ठेवलं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, बांधायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं दडपून जेवायचं, आणि मग आंबील शिंपडत साऱ्या शेताला फेरी मारायची. आम्हाला शेत नाही. पण देवदत्तच्या ऑफिसातले वीरभद्रप्पा दुधनीकडचे. ते दरवर्षी बोलावतात. गेल्या वर्षी उर्वीचं परकर-पोलकंसुद्धा इस्त्री करून ठेवलं होतं आणि आदल्या दिवशी मी दवाखान्यात भरती झाले.

ती रडली नाही. उर्वी हट्ट करत नाही. 'किती गुणी पोर आहे गं तुझी!' असं लोक मला म्हणतात. मी हसते आणि विषय बदलते. पाच वर्षांच्या मुलानं गुणी कशामुळे व्हावं, याचं उत्तर मला माहीत आहे.

माझ्या मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. रक्त जातं, कळा येतात, आणि जायचं म्हणजे आत्ताच्या आत्ता जावं लागतं. जखमा भरतात, काही महिने बरे जातात, पुन्हा होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्याचं नाव. नाव इतकं भारदस्त आहे की चारचौघांत उच्चारलं तर आपणच विलायतेहून आणलंय असं वाटतं. म्हणून मी नुसतं 'पोटाचं आहे' म्हणते. आणि पोटाचं म्हटलं की सोलापुरातला प्रत्येक माणूस वैद्य होतो.

डॉक्टरांनी सांगितलेलं सरळ होतं. गोळ्या माझ्या मनानं बंद करायच्या नाहीत. जे बाधतं ते टाळायचं, जे बाधत नाही ते उगीच सोडायचं नाही. त्रास वाढलेला असेल तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, शिजवून घोटलेला दुधी. वेळेवर झोपायचं. टेन्शन घ्यायचं नाही. शेवटच्या दोन सूचना ऐकताना उर्वी त्यांच्या टेबलावरचा आतड्याचा प्लॅस्टिकचा नमुना सुटा करत होती, तरी ते गंभीरपणे बोलले.

पण पथ्य हे एकट्यानं पाळायचं काम नाही, निदान आमच्या आळीत तरी. ज्या गावात पाहुण्यापुढे पाण्याच्या आधी शेंगाची चटणी येते, त्या गावात ती नको म्हणणारी बाई म्हणजे शिष्टच. वच्छलाकाकू चटणीची वाटी घेऊन आल्या, मी हात जोडले, तर म्हणाल्या, "अगं, तिखट नाहीये ती. नुसतं वरून लाल दिसतंय." मग त्या बेलफळाचा मुरंबा घेऊन आल्या, मग डाळिंबाची साल, मग कुड्याच्या सालीचा काढा. तो इतका कडू होता की घोट घेतल्यावर काही वेळ मला माझा आजार आठवला नाही. काकू त्यालाच गुण म्हणतात. "आणि त्या गोळ्या सोड आता. गोळ्यांनीच होतंय हे सगळं," एवढं मात्र मी ऐकलं नाही. त्या दिवसापासून काकू जिन्यात भेटल्या की म्हणतात, "तुझ्या डॉक्टरांना विचारून श्वास घेतेस ना बाई?"

माझे सासरे वेणीमाधवराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. त्यांचा या विषयावरचा सिद्धांत एका शब्दाचा आहे: ताक. "पद्मजा, ताकानं बरा होत नाही असा आजार परमेश्वरानं निर्माण केलेला नाही." मी म्हटलं, बाबा, मला त्रास असतो तेव्हा ताकही सोसत नाही. ते दुखावले. ताकाचा अपमान झाला म्हणून ते दोन जेवणं गप्प होते. मग त्यांनी मला दत्तमंदिराच्या हॉलमधल्या योगवर्गात घातलं. तिथे पहिल्याच दिवशी पवनमुक्तासन निघालं. माझ्यासारखीनं ज्या जागी ते आसन कदापि करू नये, ती जागा म्हणजे शांत, घुमणारा हॉल. पुढचं लिहीत नाही. मी त्या हॉलमध्ये पुन्हा गेलेले नाही, दत्ताला रस्त्यावरूनच नमस्कार करते.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. मग उर्वीच्या शाळेत 'माझे घर' असं चित्र काढायला सांगितलं. तिनं आजोबा काढले, हातात ग्लास. बाबा काढले, मोबाईलसकट. स्वतःला काढलं, पाटावर बसलेली. आणि एक मोठं तपकिरी दार काढलं, त्याच्या खालच्या फटीतून दोन पावलं. बाईंनी विचारलं, "आई कुठंय गं?"

"आत," उर्वी म्हणाली.

बाई मला हे कौतुकानं सांगत होत्या. फटीतली पावलं किती बारकाईनं काढलीत बघा, प्रत्येक बोटाला नख आहे. खरंच होतं. मी बाथरूममध्ये असते तेव्हा उर्वी बाहेर पाट घेऊन बसते. शाळेतलं सांगते, फटीतून मला चिंचोके सरकवते, मधून मधून विचारते, "झालं?" मी म्हणते, "आलेच." हा शब्द मी तिच्याशी इतक्या वेळा बोललेय की लहानपणी तिला तेच माझं नाव वाटत असेल.

त्या रात्री जेवताना तिनं घास तोंडाजवळ नेऊन विचारलं, "आई, शेताला दार असतं?"

"नाही गं. शेताला कसलं दार?"

"मग आपण शेतातच जाऊ."

म्हणून मी कबूल केलं. एक दिवस, ज्यात आमच्या दोघींच्या मध्ये दार नाही. मागणी काही मोठी नव्हती. पोटही शांत होतं.

आता शेताला दार नसतं तसंच शेतात संडासही नसतो, हे मला सांगावं लागू नये. एरवी बायका तुरीच्या आड जातात. पण तुरीच्या आड एकदा जाणं वेगळं आणि तिथे बिऱ्हाड करणं वेगळं. मी देवदत्तला म्हटलं, वीरभद्रप्पांना सहज विचार, जवळपास काही सोय आहे का. सहज. माझं नाव न घेता.

देवदत्तला सहज काही करता येत नाही. त्यानं ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना विचारलं. आणि वीरभद्रप्पा हा फार मोठ्या मनाचा माणूस. त्याच संध्याकाळी मला फोन आला.

"वैनी, तुमी काय बी काळजी करू नका. मी समद्यांना सांगून ठिवलंय."

"काय सांगितलंत?"

"की सोलापूरच्या वैनी येनार हायत, त्येंना संडास लागतंय. आता आमचं आख्खं गाव तुमच्या मागं हाय."

वाक्य अतिशय प्रेमाचं होतं. लग्नाआधी मी संस्कृतची शिक्षिका म्हणून ओळखली जात होते.

मग चक्रं फिरू लागली. शेताजवळच्या रस्त्यावर एक सार्वजनिक शौचालय बांधून तयार होतं, पण कुलूपबंद. किल्ली पंचायतीत. पंचायत म्हणाली, उद्घाटन झाल्याशिवाय वापरता येत नाही. उद्घाटन का झालं नाही? तर पाहुणे ठरत नाहीत. एक पाहुणा म्हणाला, शाळेचं असेल तर येतो, याचं नको. वीरभद्रप्पांचा पुन्हा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता.

"वैनी, मिटलं की काम! सदस्य म्हनले, पाव्हना न्हाई तर न्हाई, सोलापूरच्या शिक्षिकाबाईच्याच हस्ते फीत कापू. हार, नारळ, समदं हाय. तुमी फकस्त या."

"आणि फीत कापून?"

"फीत कापून लगेच तुमी वापरा की!"

मी नको म्हटलं. सासऱ्यांना वाईट वाटलं. त्यांच्या एवढ्या नोकरीत त्यांना कुणी कुठल्याच फितीला बोलावलं नव्हतं. "मान आहे, नाही म्हणू नये," ते म्हणाले, आणि भाषणाचे दोन मुद्देही काढून दिले. त्यातला एक ताकाबद्दल होता.

शेवटी वीरभद्रप्पांनी निर्णय कळवला. पांडवांची कोप बांधायचीच आहे, तिच्याबरोबर आणखी एक बांधू. कडबा घरचा, माणसं घरची. आत खड्डा, दोन विटा, पाण्याची घागर. "वैनींसाठी स्पेशल!"

येळवशीच्या आधी मी जे पथ्य पाळलं, ते बघून डॉक्टरांना गहिवरून आलं असतं. मऊ भात आणि घोटलेला दुधी. उर्वी झोपली की मीही झोपायची. टेन्शन न घेण्याचाही कसून सराव केला, तो जरा टेन्शनचाच झाला. सकाळी आम्ही तिघं रेल्वेनं निघालो. एसटीत संडास नसतो, रेल्वेत असतो, म्हणून हल्ली माझ्यासाठी जिथे रूळ जातात तेवढंच जग आहे. गाडीत मला एकदाही उठावं लागलं नाही. उर्वी खिडकीतून बघायचं सोडून माझ्याकडेच बघत होती. अक्कलकोट रोड स्टेशन गेल्यावर तिनं अगदी हळू विचारलं, "आई, आज तू बरी आहेस?" मी म्हटलं, हो. तेव्हा कुठे ती खिडकीकडे वळली.

आणि शेत काय सुंदर होतं! ज्वारी पोटऱ्यात आलेली, कणसं फुटायच्या बेतात, करडईच्या कडेला हरभरा, थंड ऊन. वीरभद्रप्पांच्या आईला सगळे अव्वा म्हणतात. त्यांना मराठी थोडं येतं, आणि जे येत नाही ते त्या कानडीत बोलून टाकतात. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळून कडाकडा बोटं मोडली आणि मला ओढतच दाखवायला नेलं. बांधाजवळ, रस्त्याच्या बाजूला, माझी कोप उभी होती. पांडवांच्या कोपीपेक्षा उंच. तोंडाला पडदा म्हणून अव्वांची स्वतःची कोरी इरकल साडी. "पोतं लावत हुती पोरं. मी म्हटलं, लेकीला कुनी पोतं लावतंय व्हय?" अव्वा म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संडास बघून रडलेली पाहुणी त्यांनीही पहिल्यांदाच पाहिली असावी.

पूजा झाली. पंगत बसली. मी माझा भाताचा डबा काढला तेव्हा साऱ्या पंगतीला वाईट वाटलं. येळवशीला डबा आणणं म्हणजे लग्नाला जाऊन बाहेरच्या गाड्यावर जेवणं. अव्वांनी डब्यात डोकावून विचारलं, "ह्ये कुनाचं? पोरीचं?" माझं म्हटल्यावर त्यांनी बोटभर आंबील माझ्या द्रोणात घातली. मी प्यायले. बोटभरच.

मग कुणीतरी हाक घातली, चला, फेरीला चला. उर्वीला छोटी लोटी मिळाली, आंबिलीनं भरलेली. तिनं एका हातात लोटी धरली, दुसऱ्या हातानं माझं बोट. परकर सावरत ती म्हणाली, "आई, सगळ्या शेताला हं. पूर्ण." आम्ही ज्वारीच्या कडेनं निघालो. तिनं पहिला शिंतोडा उडवला, तो माझ्याच साडीवर पडला, आणि ती हसली. खळखळून, मोठ्यानं. असं ती घरी हसत नाही. घरी तिला आवाज बेतानं करायची सवय आहे.

आणि मला कळ आली.

ज्यांना हा आजार आहे त्यांना ती पहिली कळ ठाऊक असेल. तिच्याशी बोलता येत नाही. 'पाच मिनिटं, फक्त एवढी फेरी' असं मी तिला मनातल्या मनात म्हटलं, अगदी हात जोडून. मग उर्वीच्या हातातून बोट सोडवलं.

"तू जा सगळ्यांबरोबर. मी आलेच."

तो शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आला.

पुढचा प्रसंग विनोदी आहे. येळवशीला लोक एकमेकांच्या शेतात पांडवांच्या दर्शनाला जातात. मी आत असताना रस्त्यानं कुठल्या तरी शेजारच्या शेतातल्या चार-पाच बायका आल्या. समोर ही उंच कोप, तिला कोरी इरकल. त्यांनी चपला काढल्या. मला पावलं ऐकू आली, बांगड्या ऐकू आल्या, मग पडद्याखालून एक हात आत आला आणि त्यानं भज्जी आणि उंड्यांचा नैवेद्य माझ्या पायापासून वीतभर अंतरावर ठेवला. हळद आली. कुंकू आलं. मी श्वास रोखून बसले. संस्कृतची शिक्षिका, एम. ए., आणि माझी पूजा चालू होती. मग काडी ओढल्याचा आवाज आला आणि कडब्याच्या अगदी कडेला निरांजन टेकलं.

"अहो," मी आतून म्हटलं, "दिवा जरा लांब ठेवा."

मग कुणीतरी धपकन गुडघ्यांवर बसलं.

"अगं बया! बोलतंय गं!"

आणि तेवढ्यात मला दुसरा आवाज ऐकू आला. अगदी जवळचा, कोपीच्या बाजूचा. ती फेरीला गेलीच नव्हती.

"तिथे पांडव नाहीयेत," उर्वी म्हणाली. तक्रार नाही, काही नाही. शाळेत बाईंना सांगावं तसं. "तिथे माझी आई आहे. तिचं पोट दुखतं. आपण बाहेर थांबायचं असतं."

बायका हसल्या नाहीत. दिवा उचलला गेला. कुजबुज झाली, चपला घातल्या गेल्या. एकीनं जाता जाता पडद्याशी वाकून "चुकलं बाई आमचं" म्हटलं. नैवेद्य मात्र त्यांनी परत नेला नाही. एकदा वाहिलेला परत कसा न्यायचा?

मी म्हटलं, "उर्वी, तू गेली नाहीस?"

"नाही."

"का गं राणी? सगळे गेले की."

"तू आलेच म्हणालीस." मग जरा थांबून, "घरी पाट असतो. इथं नाहीये."

मग अव्वांचा आवाज आला. त्या म्हाताऱ्या गुडघ्यांनी, भिंत नाही तिथे कशाला धरून बसल्या कोण जाणे, पण कडबा करकरला आणि त्या खाली बसल्या. "बा, कूड," त्या उर्वीला म्हणाल्या, ये, बस. आणि तिला मांडीवर घेतलं असावं, कारण लोटी कशावर तरी टेकल्याचा आवाज आला. लांबून फेरीतल्या माणसांचा आरडाओरडा येत होता. तो शेताच्या पार त्या टोकाला गेला, वळला, परत यायला लागला. मला अजून उठता येत नव्हतं.

"आई," उर्वी म्हणाली, "आंबील संपवायची असते का?"

"हो. शेताला शिंपडून संपवायची."

"मग मी इथेच फिरते. तू आतून बघ."

कडब्याला फटी असतात. मी बघितलं. हिरवा परकर आला, गेला. काळोख झाला, पुन्हा उजेड झाला, परकर पुन्हा आला. ती कोपीला फेरी घालत होती आणि इवल्या मुठीनं आंबील कडब्यावर शिंपडत होती, माझ्या डोक्यावर, खांद्यावर आंबट थेंब पडत होते. दर फेरीला फटीजवळ येऊन ती विचारायची, "दिसले?"

"दिसलीस."

"आता?"

"आता पण दिसलीस."

संध्याकाळच्या गाडीत ती माझ्या मांडीवर झोपून गेली. लोटी तिनं सोडली नव्हती, अव्वांनी ती तिला देऊनच टाकली होती.

घरी आल्यावर कारणमीमांसा झाली. वच्छलाकाकू म्हणाल्या, "आंबील बाधली. सांगितलं होतं, काढा ने म्हणून." आंबील ताकाचीच असते, हे ऐकून बाबा उठून गॅलरीत गेले. डॉक्टर म्हणाले, बोटभर आंबिलीनं असं होत नाही. आधीच सुरू झालं असणार. तुम्ही सगळं बरोबरच केलं होतं. त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या. सगळं बरोबर केलं होतं, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

तेव्हापासून आमच्या बाथरूमच्या दारासमोर फरशी ओली असते. मी आत गेले की उर्वी पाट आणत नाही, लोटी आणते. दाराला फेरी घालता येत नाही, म्हणून ती पॅसेजमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते, येते, आणि उंबऱ्यावर पाणी शिंपडते. दारात फट खालीच आहे, त्यामुळे मला फक्त तिची पावलं दिसतात. परवा देवदत्त त्या पाण्यावरून घसरून आपटला. बाबा म्हणतात, फडकं टाकून ठेव तिथे, कुणाचं तरी हाड मोडेल.

टाकते म्हणाले. अजून टाकलेलं नाही.